थांबायचं केव्हा

नोकरीचं पत्र येऊन दोन दिवस झाले, तरी धाकटीचा चेहरा सुतकीच होता. तिकडे आई फोनवरून साऱ्या नातेवाइकांना सांगत सुटली होती. इकडे धाकटी ताईच्या नजरेला नजर देत नव्हती.

ताई तिची मावसबहीण, वर्षाने मोठी. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर दोघींनी मिळून एक खोली घेतली आणि एकाच नोकरीचा ध्यास घेतला: गणिताच्या जोरावर शेअरबाजारात उलाढाल करणारी एक कंपनी. आठ महिने त्यांनी संभाव्यतेची गणितं कोळून प्यायली. भाजी चिरताना, भांडी घासताना एकमेकींना प्रश्न घालायच्या. आकडेमोडीत धाकटी वाघीण. पण खेळ चालू ठेवायचा की थांबायचं, या जातीचं गणित आलं की तिचं घोडं पेंड खायचं.

"अगं, शेवटापासून मागे ये ना!" ताई दहादा सांगायची. धाकटी मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटच्या फेरीला दोघीच उरल्या. जागा एक. ताईची मुलाखत सोमवारी, धाकटीची मंगळवारी. प्रश्न बाहेर फोडायचे नाहीत, अशी कंपनीची सक्त ताकीद.

"कशी झाली गं?" सोमवारी संध्याकाळी धाकटीने विचारलं.

"झाली," म्हणून ताई वही घेऊन बसली. तासभर खरडलं, लॅपटॉपवरून काहीतरी पाठवलं आणि अंघोळीला गेली. वही टेबलावर उघडीच राहिली.

धाकटीने तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. पत्त्यांचा जोड. एकेक पान उलटायचं. लाल आलं तर एक गुण मिळणार, काळं आलं तर एक जाणार. थांबायचं केव्हा? खाली उत्तर, पायरी-पायरीने. तिने ते दोनदा वाचलं. न्हाणीघरातलं पाणी थांबल्यावर अंथरुणात शिरून झोपेचं सोंग घेतलं.

मंगळवारी तिला नेमका तोच प्रश्न आला. तिने कपाळाला आठ्या घातल्या, मुद्दाम एकदा चुकून खाडाखोड केली आणि उत्तर दिलं. समोरचे दोघे खूश झाले. तिला मात्र स्वतःची शिसारी आली.

आज तिला राहवलं नाही.

"ताई, तुझी जागा मी लाटली," ती म्हणाली. "तुझी वही पाहिली होती मी. तुला विचारलेला प्रश्नच त्यांनी मला घातला. मी आत्ताच कंपनीला कळवते. नोकरी तुझी आहे."

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"कळवू नकोस."

"असं कसं? आठ महिने तू मला शिकवलंस आणि मी तुझ्याच पाठीत सुरा खुपसला." धाकटीला हुंदका आवरेना. "आणि वर तूच मला सांभाळून घेतेस. इतकी चांगली नको गं वागूस!"

"गप्प बस!" ताई ओरडली. मग मटकन खाली बसली.

"तो प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता," ती म्हणाली. "निघताना त्यांनी शेवटचं काम दिलं. पुढच्या उमेदवाराला सुटणार नाही असा एक प्रश्न बनवून रात्रीपर्यंत पाठवा, म्हणाले. पुढची उमेदवार तू आहेस, हे मला ठाऊक होतं."