उरलेली भाजी

दुसरा घास मी अजून चावतच होतो. ऑपरेशन करून पोट लहान करून घेतल्याला महिना झाला. इतके दिवस पलंगावरच नुसती पातळ पेज; आजपासून पानावर अर्धी वाटी मऊ वरणभात, आणि तेवढा संपवायला अर्धा तास लावायचा, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. पूर्वी सात-आठ पोळ्या हाणून मी दहा मिनिटांत पानावरून उठायचो. त्या जेवणाच्या आठवणीनं महिनाभर घरात नुसती चिडचिड केली.

शेवटची पोळी भाजून, गॅस बंद करून कुंदा माझ्यासमोर जेवायला बसली.

"तुम्ही अजून पानावरच आहात होय!" ती हसली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती जेवायची तेव्हा मी टीव्हीपुढे असायचो.

तिनं ताटात शेंगदाण्याची चटणी घेतली, त्यावर तेल ओतलं आणि पोळीचा तुकडा मोडला.

"भाजी घे की," मी म्हणालो. "लेकीचा डबा भरून उरलीय कढईत."

"उरलीय?" ती उठली, झाकण काढून पाहिलं. "अगंबाई, खरंच की! मला आपली चटणीचीच सवय. भाजी कुठं उरायची!"

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

वांग्याच्या चार फोडी वाढून घेऊन तिनं पहिला घास खाल्ला आणि थबकली.

"गूळ जास्तच पडतो की हो माझ्या हातून. इतकी वर्षं बोलला नाहीत कधी?"

माझ्या तोंडातला घास केव्हाच विरघळला होता. तरी मी चावत राहिलो.