मधल्या स्पीकरमधला खोकला

माझ्या बायकोने, लिएनने घरच्या कराओकेवर एकटीने गायलेलं द्वंद्वगीत मला नीट ऐकायचं होतं. पुरुषाच्या ओळी तिने माझ्यासाठी मोकळ्या सोडल्या होत्या. मी तेव्हा कामासाठी कान थो शहरात होतो.

स्पीकरच्या दुकानातल्या खोआने आधी शेल्फवरचे दोन स्पीकर लावले. मोकळ्या जागा शांत होत्या.

मग त्याने फक्त मधला लावला. पहिल्याच मोकळ्या जागेत कोणी पुरुष खोकला. लिएन हसली.

"दादा, वहिनींजवळ कोण बसलंय?"

"परत लाव."

तोच खोकला, तेच हसणं. मी मनात एकेक शेजारी तपासू लागलो. तेवढ्यात मलाच उबळ आली.

खोआ खदखदून हसला. "काय दादा, स्वतःवरच संशय? हा तर तुमचाच खोकला!"

माझाच होता. पण तो मला लिएन गेल्यावर, तिच्या तसबिरीपुढच्या अगरबत्त्यांच्या धुराने लागलाय.