कायमचा पत्ता

बिघडलेल्या फ्रीजच्या तक्रारीवर कंपनीकडून मेलवर आलेल्या पत्राला श्यामसुंदररावांनी उत्तर दिलंच नव्हतं. 'फ्रीज गाडीत बसवलेला असल्याने तंत्रज्ञ पाठवता येणार नाही. घराचा कायमचा पत्ता कळवावा,' एवढाच मजकूर होता. उलव्याचा फ्लॅट विकल्यापासून दोघं नवरा-बायको त्या व्हॅनमध्येच राहत होते. पण हे कंपनीला कोणत्या शब्दांत सांगावं, या विचारात त्यांनी कागदावर लिहिलेले कितीतरी मसुदे फाडले.

शेवटी अरुणाताईंनीच कस्टमर केअरला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"सॉरी सर, गाडीला आम्ही घर मानत नाही," पलीकडची मुलगी म्हणाली.

"हो, तेही बरोबरच आहे म्हणा," असं पुटपुटत त्यांनी फोन ठेवला.

"काय बरोबर आहे? अहो, माझं इन्सुलिन नासलं त्या फ्रीजमध्ये!" अरुणाताई कडाडल्या. "जन्मभर पुस्तकं वाचलीत, साधं भांडता येईना?"

श्यामसुंदररावांची कानशिलं तापली. त्यांनी व्हॅन काढली, थेट महापे गाठलं आणि कंपनीच्या फाटकात गाडी आडवी लावून चाकांखाली दगड सरकवले. आतले ट्रक हॉर्न वाजवू लागले.

"ओ काका, गाडी काढा! साहेब ओरडतायत!" सिक्युरिटीवाला धावत आला.

त्याच्याकडे न बघता त्यांनी एका कागदावर पत्राचं उत्तर लिहिलं आणि फाटकावरच्या टपालपेटीत टाकलं.



'आमचा कायमचा पत्ता : आपलं फाटक, महापे. तंत्रज्ञ कधीही पाठवा, आम्ही घरीच आहोत.'