एक हरकत

"बसच्या दोन फेऱ्या वाढतील, त्यांचा खर्च पालिका सोसणार आहे," मुख्याध्यापिका बाई पालकसभेत म्हणाल्या. "शिपायांचा जादा भत्ता, संध्याकाळचं वीजबिल, सगळ्याची सोय झालीय. सोमवारपासून शाळा सातऐवजी नऊला भरेल. मुलांची झोप पुरी होईल आणि पालकांचं काहीच जाणार नाही. कुणाची हरकत?"

टाळ्या वाजत असतानाच मागच्या बाकावरून एक हात वर गेला. हात लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरचा होता. तो कारखान्यातून तसाच आला होता. नखांत अजून तेल होतं. शेजारी बसलेल्या त्याच्या आठवीतल्या मुलीने मान खाली घातली.

"बोला ना," बाई म्हणाल्या.

टर्नर उभा राहिला. त्याची पाळी साडेसातला सुरू व्हायची आणि शाळा कारखान्याच्या वाटेवरच होती. रोज सकाळी बापलेक वीस मिनिटं बरोबर चालायचे, ती भिंतीकडून, तो गाड्यांच्या बाजूने. तिला काय बोलायचं असेल ते ती तेवढ्यातच बोलायची. संध्याकाळी तो थकून घरी येई तेव्हा ती पुस्तकात नाहीतर फोनमध्ये डोकं घालून बसलेली असे. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. गणिताची धास्ती वाटते, हे तिने चालतानाच सांगितलं होतं. आई गेल्यावर महिनाभर ती रडली नव्हती. रडली ती एका सकाळी, औषधाच्या दुकानासमोर, दप्तर पाठीवर असताना.

हे एवढ्या लोकांत कसं सांगायचं?

"लवकर उठायची सवय चांगली असते," तो म्हणाला.

"काका, तुम्ही उठा की लवकर," पुढून कुणीतरी म्हणालं. "पोरांना झोपू द्या."

लोक हसले. बाईही हसल्या, पण वहीत त्यांनी नीट लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "एक हरकत. कारण, सवय. बरोबर?"

"बरोबर," म्हणून तो खाली बसला.

घरी जाताना मुलगी चार पावलं पुढेच चालत होती. जिन्यापाशी ती थांबली.

"बाबा, कशाला हात वर केलास? सगळे माझ्याकडे बघत होते."

"चुकलं माझं."

"उलट नऊच्या शाळेने तुझाच त्रास वाचेल. सकाळी तुला मला चार-चारदा हाका माराव्या लागणार नाहीत."

"तेही खरंच," तो म्हणाला.

सोमवारी तो नेहमीच्या वेळेला उठला. तिचा डबा भरला, नाश्ता झाकून ठेवला, तिच्या उशाशी आठचा गजर लावला. ती एका कुशीवर, तोंड जरासं उघडं ठेवून झोपली होती. हाक त्याच्या ओठांवर आली होती. त्याने तिचं पांघरूण सारखं केलं. मग बाहेर आला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

रस्त्यावर गाड्यांची वर्दळ सुरू झाली होती. तो रोजच्यासारखाच गाड्यांच्या बाजूने चालू लागला, भिंतीकडची जागा मोकळी सोडून.