कासवाच्या बरगड्या

धाकटीला सासरी सोडायला निघालेली आई वाटेत माझ्या जनावरांच्या दवाखान्यात थांबली. बॅग आईनेच धरली होती, कारण धाकटीचा हात बरगडीवरून हलत नव्हता. टेबलावर काठीच्या माराने कवच तडकलेलं कासव होतं. “याच्याकडून शीक,” आई तिला म्हणाली. “घाव पडला की अंग आत ओढून घेतं, मुकाट सोसतं. देवाने कवच कशाला दिलंय? जावई तापट आहेत, वाईट नाहीत.” चिमटा ठेवून मी कासवाचा एक्स-रे दिव्यासमोर धरला. “कवच म्हणजे याच्या बरगड्याच आहेत, आई. तिथेही दुखतं. फक्त ओरडता येत नाही.” “तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. गाडीची वेळ झाली,” आई उठली. धाकटी मात्र एक्स-रेतल्या भेगेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आई, बॅग खाली ठेव. ताई, माझाही एक्स-रे काढ.”