लाल ठिपका

या, जवळ सरका, एका लाल ठिपक्याची गोष्ट सांगतो. एकमेकींशी बोलून आपला वेग ठरवणाऱ्या गाड्यांसाठी एक अभियंता बाई खऱ्या रस्त्यावर टिपलेली रहदारी संगणकावर मांडत होती. हाच हिशेब उद्या खऱ्या गाड्यांत भरायचा होता. पण पडद्यावर लाल ठिपका होऊन एक गाडीवाला मध्येच थांबला होता, आणि मागे दोनशे गाड्या तुंबत होत्या.

“त्या दीडशहाण्याला काढ बाई! एका नासक्या आंब्यानं अख्खी अढी नासवली,” तिचे साहेब खेकसले.

तिनं ठिपका पुसला. सगळ्या गाड्या साठच्या वेगानं सुरळीत धावल्या.

“हं! आता कसं?”

तिनं त्याच क्षणाचं रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र समोर आदळलं. थांबलेल्या गाडीपुढे, हातभर अंतरावर, झाडूवाली पडली होती.

“आता हिच्या अंगावरून, साहेब. दोनशेच्या दोनशे. सुरळीत!”

मायबापांनो, हात जोडाल तेव्हा त्या थांबणाऱ्याला आठवा.