कातालदोचा पाव

इटलीच्या पुल्या प्रांतातल्या आमच्या गावात मृतांच्या सणाला जेवणाचं टेबल रात्रभर मांडून ठेवत. गेलेली माणसं येऊन जेवतात, अशी श्रद्धा. आई तिथे माझ्या धाकट्या भावासाठी, कातालदोसाठी, गोड पाव ठेवायची. तो जेमतेम वर्षाचा असताना वारला होता.

मी सात वर्षांची असताना पहाटे भुकेपोटी त्या पावाचा घास घेतला.

"आला होता गं माझा सोन्या!" आई रडता रडता हसली.

"चार दातांच्या पोराने एवढा लचका तोडला?" बाबा म्हणाले.

"तुमच्यावरच गेलाय, खादाड!"

तो उष्टा पाव तिने वर्षभर उशाशी जपला. रोज प्रार्थना म्हणताना मी त्या पावाकडे बघायचं टाळायचे.

पुढच्या सणाला मी कडक उपास धरला. सकाळी कातालदोचा पाव अख्खाच होता. आई त्याच्याकडे नुसती बघत बसली. मला राहवेना.

"आई, मागच्या वर्षी मीच खाल्ला होता गं."

ती रागावली नाही. "आधी उपास सोड, बाळा," म्हणाली आणि तिने माझ्यासाठी झाकून ठेवलेल्या न्याहारीवरचा रुमाल उचलला.

माझ्या पावाचा इवलासा घास गेला होता. चार बारीक दातांनी चावलेली कड अजून ओली होती.